शिशिर-वसंत ऋतुसंधी : वननिरीक्षण आणि द्रव्यसंग्रह

ऋतुविचार हा आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केलेला विषय आहे. माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर आणि चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, हा क्रम सर्वश्रुत आहे. परंतु सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात दोषांचा संचय, प्रकोप व प्रशम लक्षात घेऊन दुसराही क्रम दिला आहे. त्यानुसार फाल्गुन-चैत्र हा वसंत होय. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातही शोधनकर्मासाठी वसंताचे हेच मास सांगितले आहेत. मग आपल्या प्रदेशात वसंत नेमका केव्हा लागला असे मानावे?

केवळ तिथी पाहून याचा निर्णय होत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने अधिकमास येईपर्यंत प्रत्येक तिथी दरवर्षी मागे सरकत जाते. वृक्ष मात्र ऊन, थंडी, जमिनीतील ओल आणि दिवसाची लांबी यांना प्रतिसाद देतात. सुश्रुताचार्यांनी त्याच अध्यायात वसंताची ओळख पळस, कमळ, बकुळ, आम्र व अशोक यांच्या बहरावरून करून दिली आहे. म्हणजे ऋतू वनस्पतींवरून वाचावा, हा संकेत मूळ ग्रंथातच आहे.

सह्याद्रीतील क्रम

पुणे जिल्ह्यातील मुळशी, भोर या भागांतील पानझडी रानात हा पालट स्पष्ट दिसतो. थंडी भरात असतानाच सावरीची (शाल्मली) पाने गळतात आणि निष्पर्ण फांद्यांवर मोठी लाल फुले येऊ लागतात. पुढे पांगारा व पळस फुलतात. पळस ऐन बहरात असतो तो बहुधा फाल्गुनात. सुश्रुतोक्त दुसऱ्या क्रमाशी हे जुळते. त्याच सुमारास पिंपळाला तांबूस पालवी फुटते आणि कुसुंबाचे झाड कोवळ्या पानांनी लालभडक होते. दूरवरून पाहणाऱ्यास ती फुलेच वाटावीत! पाऊस अद्याप तीन महिने दूर असताना हे वृक्ष पालवतात, हे विशेष होय. गुळवेलीची पाने या दिवसांत बहुधा झडलेली असतात आणि आधारवृक्षावरील तिचे कांड उघडे दिसते.

धायटीचा धडा

आसवारिष्टे करणाऱ्या प्रत्येक निर्माणशाळेला लागणारी धायटी (धातकी) याच काळात डोंगरउतारांवर फुलते. एका वर्षी प्रस्तुत लेखकाच्या निर्माणशाळेत एका अरिष्टाचे संधान अनेक दिवस लोटले तरी लागेना. पात्र, काढा, गूळ, उष्णता सर्व तपासले. अखेरीस धायटीची गोणी उघडून फुले एकेक करून चिरली, तेव्हा बहुतेकांच्या आत बीजांनी भरलेले फळ आढळले. संधान न लागण्यास अन्य कारणेही असू शकतात. परंतु त्या गोणीत फूल असे फारच थोडे होते, हे निश्चित.

असे का घडते? धायटीचा लाल भाग म्हणजे तिचा नळीसारखा निदलपुंज. फूल सरल्यावरही तो गळत नाही; आतील फळाला वेढून राहतो. त्यामुळे वैशाखात खुडलेला मालही वरून फुलासारखाच दिसतो. ताज्या फुलात मकरंद असतो आणि त्यावर संधानाला उपयुक्त असे यीस्ट नैसर्गिकरीत्या वास करते. बहर ओसरल्यावरच्या मालात हा गुण पूर्वीसारखा कसा राहील? व्यापाऱ्याला दोष देण्यापूर्वी ही फुले कोणत्या महिन्यात व कोठे खुडली, हे आपण विचारले होते काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचा काळ अंगपरत्वे सांगितला आहे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, पुष्प-फळे ज्या त्या ऋतूत घ्यावीत. म्हणजे शिशिर-वसंताच्या सीमेवर मुळांचा एक काळ संपतो आणि पालवीचा सुरू होतो. ही सीमा ओळखता आली नाही, तर नियम पाठ असूनही निरुपयोगी ठरतो.

निरीक्षणवही

याकरिता वैद्यबंधूंनी व निर्मात्यांनी एक साधी वही ठेवावी, अशी नम्र सूचना आहे. जवळच्या रानातील सावर, पळस, धायटी, पिंपळ व कुसुंब यांचे प्रत्येकी एकच झाड निश्चित करावे. पौषापासून वैशाखापर्यंत दर आठ दिवसांनी तेच झाड पाहावे. पानगळ, पहिले फूल, पूर्ण बहर, बहराचा शेवट आणि पहिली पालवी, या पाच गोष्टी दिनांक व तिथीसह नोंदवाव्यात. धायटीची दहा फुले चिरून त्यांपैकी किती फळावर गेली, तेही लिहावे. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात चिकित्सालयात आलेल्या कास, प्रतिश्याय व तमकश्वासाच्या रुग्णांची संख्या नोंदवावी. शिशिरात संचित झालेला कफ वसंतातील सूर्यतापाने पातळ होऊन प्रकुपित होतो, हा सिद्धांत आपण रोज सांगतो. आपल्या गावात तो प्रकोप कोणत्या झाडाच्या बहराबरोबर दिसतो, हे अशी नोंद सांगू शकेल आणि वमनाचा काळ ठरविण्यास साहाय्य होईल.

एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नयेत. पाच वर्षांची वही मात्र खरेदीचे वेळापत्रक ठरविताना निश्चितच मार्गदर्शक ठरेल. पुढील माघात धायटीची मागणी नोंदविण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा तरी डोंगर चढून फूल हाती घ्यावे आणि चिरून पाहावे, एवढीच विनंती.