जव्हार : एकदा श्रावणात, एकदा चैत्रात

मुंबई कुठे संपते, हे दहिसरकराला कुणी सांगावे लागत नाही. चेकनाका ओलांडला की महानगरपालिकेची हद्द सरली. पण त्याच रस्त्याने सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास गेले, तर आपण एका जुन्या संस्थानाच्या राजधानीत पोहोचतो, हे पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते. महाबळेश्वर, माथेरान आपल्याला पाठ असते. जव्हार मात्र नकाशावरच राहते.

वाट अवघड नाही. काशीमिरा, वर्सोव्याचा खाडीपूल, विरार फाटा असे करीत मनोरपर्यंत यायचे. तिथे अहमदाबादचा रस्ता सोडून उजव्या हाताला वळले की विक्रमगड, आणि पुढे घाट चढून जव्हार. स्वतःची गाडी नसेल तर दहिसरहून लोकलने विरार, तिथे गाडी बदलून पालघर आणि पुढे एस्टी. घाई नसलेल्या माणसाने एस्टीनेच जावे, असे माझे मत. मनोरनंतर गाडीत चढणाऱ्या बायकांची लुगडी, टोपल्या आणि बोली ऐकता-पाहताच आपण दुसऱ्या मुलखात आलो हे कळते; पाटी वाचावी लागत नाही.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे हे संस्थान. 1948 साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. नगरपालिका 1918 पासूनची. राजांचा जयविलास राजवाडा आहे, सूर्यास्त पाहण्याची जागा आहे. जवळच शिरपामाळ आहे. 1664 च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, आणि जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, म्हणून हे नाव, असे सांगतात. मूळ पुरुष जयबा मुकणे याची कथा तर ऐकण्यासारखीच. त्याने म्हणे वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायक हसून ‘हो’ म्हणाला. जयबाने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या, आणि त्यांनी सगळा डोंगरच वेढला! कार्थेजच्या राणी डायडोबद्दलही हीच कथा आहे, तेव्हा इतिहास म्हणून तिला फारसे वजन देऊ नये. पण जमीन मुळात कुणाची होती, हे ती कथा विसरू देत नाही.

मी प्रथम गेलो तो श्रावणात. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. दर वळणावर पाणी! लेंडी नदीवरचा दाभोशाचा धबधबा सुमारे तीनशे फूट खाली कोसळत होता. (त्याच्या डोहात उतरण्याचा मोह मात्र टाळावा.) उतारांवर नाचणी आणि वरई, खाचरांत भात. धुके इतके की समोरची एस्टी भोंग्यावरूनच ओळखावी. ‘इथे राहणारे भाग्यवान!’ असे मी घरी येऊन दहा जणांना सांगितले.

दुसऱ्यांदा गेलो तो चैत्रात, आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. तेच उतार भाजून काढल्यासारखे तांबूस-काळे. गावापासून जरा आत गेलो, तर एका पाड्याच्या विहिरीत वाटीने पाणी भरणे चालले होते. खाली एक मुलगी उतरलेली, वर हंड्यांची रांग. मी एका म्हातारीला विचारले, ‘आजी, एवढा पाऊस पडतो, तो जातो कुठे?’ ती म्हणाली, ‘तुमच्याकडं.’

ती थट्टा करीत नव्हती. याचा उलगडा असा. हा सारा प्रदेश काळ्या कातळाचा, वर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पडलेले पाणी मुरायला सवडच मिळत नाही; ते पिंजाळ, सूर्या, वैतरणा या नद्यांतून धावत पश्चिमेला समुद्राकडे निघते. मुंबई ज्या सात तलावांचे पाणी पिते त्यांपैकी तीन वैतरणेवर आहेत: वरची वैतरणा, मधली वैतरणा आणि मोडकसागर. मोडकसागर 1957 चा. मधल्या वैतरणेचे धरण 2012 मध्ये पुरे झाले. ते जव्हारच्या शेजारच्या मोखाडा तालुक्यात आहे.

म्हणजे मुंबईने पाणी पळवले म्हणून पाडे तहानले, असे समीकरण मांडावे काय? तसे सरळ ते नाही. धरणे खोल दऱ्यांत आहेत आणि पाडे वर माळावर. धरण नसते तरी ते पाणी समुद्रालाच मिळाले असते. शंभर किलोमीटर लांब पाणी नेण्यासाठी नळ घालणे आपल्याला जमले. तेच पाणी दोन-तीनशे मीटर वर चढवून पाड्यावर पोहोचवणे मात्र खर्चाचे ठरते. हिशेबाची वही कुणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न.

पाणी नाही म्हणून दुसरे पीक नाही, आणि पीक नाही म्हणून दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फेडायला कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. शिमग्याला तेवढी परततात. मोखाडा-जव्हारचा बोहाडा, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचण्याचा उत्सव, पाहायचा तर हाच हंगाम. पण मुलांच्या शाळेचे मधले महिने बुडालेले असतात. 1992-93 साली वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली होती. त्या बातमीमागे हीच साखळी होती.

ती तुटतच नाही असे मात्र नव्हे. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून श्रमदानाने बंधारा घालतात, त्याला वनराई बंधारा म्हणतात. असा बंधारा टिकला आणि शेजारची विहीर जगली, तर कुणी आंबा-काजूची वाडी करतो, कुणी मोगरा लावतो. विक्रमगड-जव्हारचा मोगरा दादरच्या फुलबाजारात येतो. ज्या घराला हे साधले ते घर दिवाळीनंतर कुलूप लावीत नाही. मला भेटलेल्या एका मोगरेवाल्याने फुलांचा भाव सांगितलाच नाही. धाकटी पोर यंदा पाचवीच्या परीक्षेला बसली, हेच दोनदा सांगितले.

तेव्हा जाणार असाल तर श्रावणात जाच, पण चैत्रातही एक फेरी करा. पाण्याची बाटली घरून भरून न्या. पाड्यावर पाणी मागू नका, कारण मागितले तर ते देतात. तारपा ऐकायचा तर त्यांच्या सणाला ऐकावा, आपल्या फोटोसाठी वाजवायला लावू नये. आणि परतीच्या शेवटच्या एस्टीची वेळ गावात उतरल्याबरोबर विचारून ठेवा. पहिल्या खेपेला मी ती विचारली नव्हती, आणि रात्र स्थानकाच्या बाकावर काढली.