होर्मुझच्या पाण्यावरील एक आवाज

भाषेच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी युद्धनौकांचा विषय घ्यावा, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु गोव्यातील कितीतरी घरांतील तारवटी होर्मुझच्या सामुद्रधुनीतून ये-जा करीत आले आहेत. आणि तेथील एका प्रसंगात मला तोफांइतकाच अर्थनिर्णयाचा प्रश्न दिसतो.

6 जानेवारी 2008 रोजी 'हॉपर', 'पोर्ट रॉयल' व 'इंग्रॅहम' या अमेरिकन युद्धनौका तेथून आखातात शिरत होत्या. इराणच्या क्रांतिरक्षक दलाच्या पाच वेगवान गस्ती होड्या त्यांच्या रोखाने आल्या. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार, सुमारे 200 यार्डांपर्यंत. पांढऱ्या खोक्यांसारख्या वस्तू पाण्यात टाकल्या गेल्या. त्याच सुमारास रेडिओच्या 16 क्रमांकाच्या खुल्या वाहिनीवर स्फोटाची इंग्रजी धमकी ऐकू आली. गोळीबाराचा हुकूम सुटण्याच्या बेतात होता, असे पुढे सांगण्यात आले. तेवढ्यात होड्या वळल्या.

ही नेहमीची ओळखविचारणा होती, असे इराणने म्हटले. तो आवाज होड्यांतूनच आला असे खात्रीने सांगता येत नाही, हे अमेरिकन नौदलानेही नंतर मान्य केले. त्या वाहिनीवर किनाऱ्यावरून वा कोणत्याही जहाजावरून बोलता येते. आणि तेथे खोडसाळपणे बोलणारे अनामिक खलाशांच्या जुन्या परिचयाचे होते.

व्यंग्यार्थाची चर्चा करताना आपल्या साहित्यशास्त्राने वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता आणि काकू, म्हणजे स्वराचा हेल कोणता, हे पाहण्यास सांगितले आहे. वक्ताच अज्ञात असेल, तर शब्द स्पष्ट असूनही त्यांचा अर्थ निश्चित होत नाही. वर्गात अशा चुकीने फार तर गुण जातात. समुद्रावर काय होते, याची दोन उदाहरणे त्या कप्तानांसमोर होती.

3 जुलै 1988 रोजी याच सामुद्रधुनीत इराणी होड्यांशी चकमक चालू असताना 'व्हिन्सेन्स' या अमेरिकन युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडले. 290 माणसे गेली. त्यांत 10 भारतीय होते. उलट, 12 ऑक्टोबर 2000 रोजी एडनच्या बंदरात एक लहान होडी 'कोल' या युद्धनौकेजवळ आली. तिच्यातील स्फोटकांनी 17 नौसैनिक मारले गेले. एकदा नसलेला शत्रू दिसला, एकदा असलेला दिसला नाही.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी 1972 साली समुद्रावरील अशा प्रसंगांसाठी करार केला. त्याने वैर संपले नाही. पण खोटे हल्ले रचू नयेत आणि ठरलेल्या संकेतांनी आपला हेतू कळवावा, एवढे ठरले. 2008 साली अमेरिका आणि इराण यांच्यात असा करार नव्हता.

शत्रूंनाही एक समान भाषा लागते, ती मैत्रीसाठी नव्हे, तर परस्परांचा अर्थ चुकू नये म्हणून. त्या दिवशी ती नसतानाही हुकूम थांबला, हे कप्तानांच्या संयमाचे श्रेय. पण तारवटींच्या घरांनी प्रत्येक वेळी अशा संयमाच्याच भरवशावर राहावे, हे मला पटत नाही.