हृदयाची अनियमित गती व आतड्यांचा रक्तपुरवठा

वखारीत माल भरलेला असला तरी वाट अडली की पेठ ओस पडते, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. शरीराचाही व्यवहार याहून वेगळा नाही.

हृदयाचे वरचे दोन कप्पे नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले म्हणजे नाडी अनियमित चालते. या विकारास डॉक्टर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. अशा वेळी रक्त साचते व बहुधा डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात त्याची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तीच गुठळी महाधमनीतून खाली उतरून आतड्यांच्या मुख्य धमनीत अडकू शकते, याची जाणीव फार थोड्यांस असते.

मग पोटात एकाएकी असह्य कळ येते. पुष्कळदा वांती वा जुलाबही होतात. नवल असे की, रोगी तळमळत असता पोट मात्र प्रारंभी हातास मऊच लागते. घरची मंडळी अजीर्ण समजून ओवा-हिंग देत बसतात, आणि तेथेच घात होतो. रक्त पूर्ण तुटल्यास सुमारे सहा तासांत आतड्याची कायमची हानी होऊ लागते. वेळीच रुग्णालय गाठल्यास ‘सीटी अँजिओग्राफी’ने अडथळा कळतो व गुठळी काढता येते, उशीर झाल्यास आतड्याचा मृत भाग कापावा लागतो, आणि प्राणही वाचतीलच असे नाही.

गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात. येथे आम्हांस आपल्या व्रतनियमांविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात. पर्युषणात वा दशलक्षण पर्वात उपवासामुळे गोळी परस्पर बंद करू नये. काही गोळ्या अन्नासोबतच घ्याव्या लागतात, तेव्हा चौविहार पाळणाऱ्यांनी वेळ आधीच ठरवून घ्यावी. ‘वॉरफरिन’ घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकाएकी सोडल्या वा वाढविल्या तर औषधाचा परिणाम बदलतो. म्हणून पर्वापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेऊन रक्त तपासावे.

नाडी अनियमित असलेल्या वडीलधाऱ्यांच्या पोटात अकस्मात तीव्र कळ उठली, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयात पोहोचताच हृदयाचा विकार प्रथम सांगावा, एवढीच आमची सर्व बंधुभगिनींस विनंती आहे.