बालकांतील इसब आणि अन्नाची अ‍ॅलर्जी : वऱ्हाडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
लहान बालकांच्या गालांवर, कोपरांच्या आतील बाजूस व गुडघ्यांच्या मागील लवणीत उठणाऱ्या कोरड्या, खाज सुटणाऱ्या चट्ट्यांस इसब असे म्हणतात. अमरावती व अकोला जिल्ह्यांत असे चट्टे दिसताच बाळाचे दूध, अंडे, शेंगदाणे वा डाळ बंद करण्याची प्रवृत्ती आढळते. खाण्यामुळेच इसब होतो, हे त्यामागील गृहीतक होय. गेल्या दोन दशकांतील संशोधनाने मात्र हा कार्यकारणभाव पुष्कळदा उलट दिशेने जातो, असे दाखवून दिले आहे.

त्वचेचा मार्ग व मुखाचा मार्ग :
त्वचेच्या बाह्य थराची बांधणी फिलाग्रिन या प्रथिनावर अवलंबून असते. या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये डंडी विद्यापीठातील संशोधकांनी स्पष्ट केला. अशा दुबळ्या त्वचेतून अन्नाचे सूक्ष्म कण आत शिरल्यास शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू मानून आयजीई प्रतिपिंडे निर्माण करते. तेच अन्न मुखावाटे आतड्यात पोहोचल्यास शरीर त्यास सहसा आपलेसे करते. लंडन येथील गिडियन लॅक यांनी २००८ मध्ये हा विचार सिद्धान्तरूपाने मांडला. पुढे २०१५ मध्ये तीव्र इसब अथवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बालकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभ्यासाच्या आरंभी ही बालके ४ ते ११ महिने वयाची होती. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, ते टाळणाऱ्यांत १७.२ टक्के, तर नियमित खाणाऱ्यांत ३.२ टक्के आढळली.

वऱ्हाडच्या संदर्भात :
हरभरा हा आपल्याकडील अ‍ॅलर्जीकारक पदार्थ असल्याचे पाटील, निफाडकर व बापट यांनी २००१ मध्ये दाखविले. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ बाळाच्या अंगास चोळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वरील सिद्धान्ताच्या प्रकाशात, इसब असलेल्या त्वचेवर असे पीठ चोळणे टाळणेच इष्ट ठरते.

केवळ रक्ततपासणीवर विसंबून पथ्य लादणेही योग्य नाही. कर्नाटकातील प्रौढांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २६.५ टक्के व्यक्तींत अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली; संभाव्य अ‍ॅलर्जी मात्र १.२ टक्के व्यक्तींतच होती. मेळघाटासारखा कुपोषणग्रस्त प्रदेश ज्या जिल्ह्यात आहे, तेथे अंडे व डाळ विनाकारण बंद करणे म्हणजे बाळाच्या वाढीवरच घाव घालणे होय.

समारोप :
सारांश, इसबावर प्रथम उपचार त्वचेचाच व्हावा व वरचे अन्न अकारण लांबवू नये. इसब तीव्र असल्यास शेंगदाणे व अंडे वैद्यकीय सल्ल्यानेच सुरू करावेत. अख्खा दाणा घशात अडकू शकतो. म्हणून बाळास शेंगदाणे बारीक वाटून, पातळ करूनच द्यावेत. खाल्ल्यानंतर लगेच अंगावर गांधी उठणे, उलटी वा धाप लागणे ही खऱ्या अ‍ॅलर्जीची लक्षणे असून अशा वेळी बाळास तत्काळ रुग्णालयात नेणे अगत्याचे आहे.