शिडाखालची मोटर

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावी पिअर्सन कंपनीने १९५९ साली ‘ट्रायटन’ नावाची अठ्ठावीस फुटी शिडाची बोट बाजारात आणली. आराखडा कार्ल अल्बर्ग यांचा, बांधणी फायबरग्लासची. फायबरग्लास लाकडासारखा सडत नाही. त्यामुळे यातल्या कित्येक बोटी अजून पाण्यात आहेत. थकलं ते पोटातलं इंजिन.

त्याचं नाव ‘अ‍ॅटॉमिक फोर’. नाव भारदस्त, अणूशी संबंध शून्य! चार सिलिंडर, ३० अश्वशक्ती आणि खुराक पेट्रोलचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. कुठे गळती झाली की ती बोटीच्या तळाशी साठते, मग एक ठिणगी पुरे. म्हणून इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर लावून तळ मोकळा करण्याचा शिरस्ता आहे. या धास्तीला कंटाळलेला मालक विजेकडे वळतो. तशी ही कल्पना जुनीच. याकोबी नावाच्या संशोधकाने १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवर बोट चालवली होती.

अडतं ते बॅटरीपाशी. विजेऐवजी डिझेल इंजिन बसवलं, तर एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली तिसऱ्या हिश्शाहून कमीच कामी आणतं, हे खरं. तरी १० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळपास शंभर किलो भरते, हे ऐकून भल्याभल्यांचा हुरूप मावळतो. पण पाण्याचा हिशोब निराळा असतो. ट्रायटनची पाणरेषा साडेवीस फुटांची. एवढ्या लांबीची बोट कितीही दामटली तरी सहा नॉटच्या फारशी पुढे जात नाही. शिवाय वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. चार नॉटला दोन किलोवॅटच्या आत भागतं, सहाला त्याच्या तिपटीहून जास्त. १० पैकी ८ युनिट वापरली, तर शांत पाण्यात चार नॉटने चार तास, म्हणजे सोळा सागरी मैल. सहा नॉटने पळवलीत तर सव्वा तासात खेळ खलास.

दीडशे किलोचं जुनं इंजिन उपसून काढणं हे अंगमेहनतीचं काम. कसब लागतं ते मोटर आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणायला. दोन्हींच्या चकत्या समोरासमोर भिडवायच्या आणि मधल्या फटीत फीलर गेजची पाती सरकवत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे माप घ्यायचं. चार इंची चकतीला दशांश मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. शेवटचं माप बोट पाण्यात उतरवल्यावरच घ्यावं, कारण ठोकळ्यांवर टेकलेली बोट किंचित वाकते. इथे चालढकल केलेली लपत नाही. इंजिनाची धडधड गेलेली असते, दांड्याची खडखड थेट कानावर येते.

बंदराबाहेर पडताच शीड उभारणाऱ्याने विजेच्या मोटरीचा खर्च खुशाल करावा. वारा पडला तरी ठरल्या वेळी मुक्कामी पोचणं ज्याला भाग आहे, त्याने डिझेल इंजिनच बसवावं. ठरवण्याआधी एक मोसमभर इंजिन किती तास चाललं आणि कशासाठी, ते वहीत टिपून ठेवा. बॅटरी किती मोठी घ्यायची, हे त्या आकड्यांवरूनच ठरवा.