दुसरं भिंग कोणतं घ्यावं?

पगारातून चार पैसे बाजूला टाकून एखाद्या मास्तरांनी कॅमेरा घेतला, की वर्षभरात त्यांच्या मनात दुसऱ्या भिंगाचा विचार घोळू लागतो. दुकानदार बहुधा लांब नळीचं भिंग पुढं करतो. आणि खरं सांगायचं तर, ते गळ्यात असलं की गावात मानही वाढतो! पण मामला हजारो रुपयांचा आहे. तेव्हा पैसे मोजण्याअगोदर भिंगावरच्या दोन आकड्यांचा अर्थ समजून घ्या.

पहिला आकडा मिलिमीटरांचा : १८, ५०, ३००. हे भिंगाचं नाभीय अंतर. आकडा लहान तितका देखावा रुंद. मोठा तितका अरुंद, पण जवळ ओढलेला. हौशी लोकांच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत चित्र ज्याच्यावर उमटतं तो सेन्सर सुमारे २४ मिलिमीटर रुंद आणि १६ उंच असतो. मग हिशेब त्रैराशिकाचाच. वस्तूपासूनच्या अंतराला २४ नं गुणा, नाभीय अंतरानं भागा, की चित्रात किती रुंदी मावेल ते कळलं.

आता असं समजा, अकोले तालुक्यात रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळासमोर तुम्ही नऊ मीटरांवर उभे आहात. १८ चं भिंग बारा मीटर रुंदी घेईल. ५० चं जेमतेम सव्वाचार मीटर, म्हणजे देवळाचा एखादा कोपराच. पण कॅमेऱ्याबरोबर साधारणपणे १८ ते ५५ चं भिंग मिळतंच, आणि खिशातल्या मोबाइलचं मुख्य भिंगही रुंदच असतं. रुंद देखाव्यासाठी वेगळा खर्च कशाला?

आता दुसरं टोक. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली झालं. विस्तार सव्वादोन चौरस किलोमीटरांहूनही थोडा कमीच. काळवीट खांद्यापाशी ऐंशी सेंटीमीटरांच्या आसपास उंच. ते साठ मीटरांवर असलं, तर ५० च्या भिंगातून सेन्सरवर पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ३०० च्या भिंगातून चार मिलिमीटर भरतं, म्हणजे चित्राच्या उंचीचा चौथा हिस्सा. आखूड भिंगवाला मग एकेक पाऊल पुढं सरकतो आणि कळप उधळतो. उन्हाळ्यात पाणवठ्यावरून हुसकलेल्या जनावराला ती धाव महागात पडते. तेव्हा जनावरं-पाखरं हीच तुमची हौस असेल, तर लांब भिंगाचा खर्च रास्त आहे. एरवी तेवढी रक्कम त्यात गुंतवू नका.

बहुतेक शिक्षकांना मी तिसरीच वाट सुचवीन, आणि त्यासाठी दुसरा आकडा पाहायला हवा. १.८, ३.५, ५.६ असा तो असतो. नाभीय अंतराला या आकड्यानं भागलं की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास निघतो. म्हणून आकडा लहान तितकं छिद्र मोठं. मुलांना हे उलटं वाटतं, पण छेद लहान तर अपूर्णांक मोठा, हे त्यांना तुम्हीच शिकवलेलं असतं! ५० मिलिमीटर, १.८ च्या भिंगाचं छिद्र सुमारे २८ मिलिमीटरांचं. सोबत मिळालेल्या भिंगाचं, ५५ च्या टोकाला, ५.६ वर, दहाच मिलिमीटरांचं. प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट पडतो. पावसाळी दिवशी वर्गात जिथं एक पंचमांश सेकंद लागला असता, तिथं एक पन्नासांश पुरतो. तेवढ्यात गणित सोडवणारं पोर हललं तरी चेहरा बहुधा स्पष्ट येतो, आणि मागच्या भिंतीवरचे तक्ते आपोआप पुसट होतात. शिवाय हे भिंग सहसा सगळ्यांत स्वस्त असतं. त्यात दृश्य मागं-पुढं ओढायची सोय नाही. तुम्हालाच चार पावलं पुढं-मागं व्हावं लागतं. शिकणाऱ्याला ते बरंच.

जुनं भिंग घेणार असाल, तर छिद्र पूर्ण उघडून मागून विजेरी धरा आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी समजा आणि सौदा सोडून द्या. धुळीच्या दोन-चार कणांनी मात्र बिघडत नाही. आपल्या पारनेर-श्रीगोंद्याकडं त्यांच्यावाचून सुटका कुठली! अकोल्याच्या डोंगरी पट्ट्यात पावसाळाभर भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चामड्याच्या पेटीत कोंडून ठेवू नका. चामडं ओल धरतं.