अंगठा उठेना

माण तालुक्यातल्या एका वाडीवर, देवळाच्या कट्ट्यावर पोस्टमन येऊन बसला की बायकांचं कोंडाळं जमतं. पिशवीतून तो मोबाईल काढतो, त्याला वायरीनं काडेपेटीएवढं यंत्र जोडतो. आधार क्रमांक घालतो, यादीतून बँकेचं नाव निवडतो, रक्कम टाकतो आणि म्हणतो, "ठेवा बोट." मुंबईत हमाली करणाऱ्या पोरानं आईच्या खात्यावर घातलेले पैसे इथंच तिच्या हातात पडायला हवेत. खातं कुठल्याही बँकेचं असो, आधारशी जोडलेलं असलं की झालं. एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत निघतात.

पण बोट जुळत नाही. जन्मभर खुरपं धरलेला हात, राखेनं भांडी घासून गुळगुळीत झालेली बोटं. पहिला अंगठा नाकारला. दुसराही गेला. "आज्जी, केसांवरनं फिरवा जरा, तेल लागू द्या." आज्जी बोट पदराला पुसतात, केसांवरून फिरवतात. "आता मधलं ठेवा. दाबू नका, नुसतं टेकवा." मधलं बोट लागतं, तोवर रेंज जाते. पोस्टमन उठून पाराच्या पलीकडे जातो, मोबाईल उंच धरतो, परत येतो. या सगळ्याला तो कंटाळत नाही, ही मी तिथं पाहिलेली सर्वांत मोलाची गोष्ट.

दहिवडीला बँकेत जायचं तर एसटीचं भाडं जातं आणि रोज बुडतो. म्हणून हा कट्टा महत्त्वाचा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक 1 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली आणि टपालखात्याच्या माणसांच्या हाती हे यंत्र आलं. त्याआधी, 28 ऑगस्ट 2014 पासून, जनधनची खाती उघडली गेली होती. खातं उघडणं ही सुरुवात होती. त्यातला पैसा वाडीवर पोचवायला माणूसच लागला.

साताऱ्याला असा बाहेरगावाहून येणारा पैसा नवा नाही. गिरणीत आणि गोदीत, पुढं माथाडीत गेलेल्या माणसांच्या घरची चूल मनिऑर्डरवर पेटायची. वीस रुपयांमागं एक रुपया टपालखर्च, म्हणजे शेकडा पाच. महाग होतं, पण पैसे दारात यायचे, आणि फॉर्मच्या तळाशी दोन ओळी खुशाली लिहायला जागा असायची. पोस्टमन रक्कम मोजून द्यायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा.

त्याच अंगठ्यानं पुढं बायकांची वाट अडवली होती. म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक निरक्षर होत्या. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आज सरकारी व्यवस्थाच अंगठा हीच ओळख मानते आणि तो उठला नाही तर बाईला तिच्याच पैशापासून लांब ठेवते. 2025 मध्ये टपाल बँकेनं चेहरा ओळखून व्यवहार करण्याची सोय आणली. ती वाडीवाडीवर पोचायलाच हवी.

सांगलीकडं चित्र वेगळं आहे. विटा, खानापूर, आटपाडी या भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी शुद्ध करायला देशभर पसरले. त्यांचे पैसे बँकांतून येतात-जातात, त्यांची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती कुपवाडच्या एमआयडीसीत परराज्यातून आलेल्या कामगारांची. मनी ट्रान्सफरच्या दुकानात रोख देऊन ते गावी पैसे धाडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 1 नोव्हेंबर 2024 पासून पाठवणाऱ्याची ओळख कागदपत्रांनिशी पटवावी लागते. फसवणुकीला आळा घालायला हे योग्यच आहे. पण खोलीवर सहाजण राहतात आणि कागद गावी राहिले आहेत, अशा पोराला दुकानातून रिकाम्या हातानं परतावं लागतं.

कट्ट्यावर मात्र एक गोष्ट कागदावर नीट आणि प्रत्यक्षात अपुरी आहे. खात्यातून रक्कम वजा झाली आणि यंत्रावर व्यवहार पूर्ण दिसला नाही, तर ती पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 2019 चा. वाडीवरच्या कुणालाही तो ठाऊक नव्हता.

आज्जींचे तीन हजार अखेर निघाले. पोस्टमन शिल्लक सांगायला लागला तशा त्या म्हणाल्या, "हळू सांग रं, समद्यांस्नी कशाला?" त्यानं मोबाईलच त्यांच्यापुढं धरला, नातीनं आकडा वाचून कानात सांगितला. तेवढ्यात त्याच नातीचा फोन वाजला. मुंबईहून मुलगा: "आई, तीन हजार काढलेस का?" खात्याला नंबर त्याचा जोडलेला, म्हणून मेसेज तिकडे गेला होता. पोस्टमननं आज्जींना पुढच्या खेपेला आधार कार्ड आणि घरातला फोन घेऊन यायला सांगितलं. नंबर बदलायचा अर्ज तो स्वतः भरून देणार आहे.